खुडूक कोंबडीखालची काच

मार्च महिनाभर कुठे गायब होतीस, असं कुणी विचारलं की मी गडचिरोलीचं नाव घेते. समोरचा विचारतो, तिकडे कशाला? कोंबड्यांचं रक्त काढायला, असं सांगितलं की तो हवापाण्याच्या गप्पांकडे वळतो. म्हणून हे लिहायला बसले. सगळा प्रवास मला झोपेत चालल्यासारखा आठवतो, तरी इथल्यापेक्षा तिथेच मी जास्त जागी होते, एवढं तरी लोकांना कळावं.

नवं शतक उजाडून दोन-तीन वर्षं झाली आहेत. मी जनावरांची डॉक्टर, पण जनावरांपेक्षा त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींशीच माझा जास्त घरोबा. मूळची सांगलीकडची, नोकरीला पुण्यात, घरी आई आणि मी. स्वभावाने जरा हरवलेली. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्यांपैकी.

मूल

चंद्रपूरहून मूलला पोचले तेव्हा सकाळ नुकती उजाडली होती आणि राइस मिलच्या कोंड्याची बारीक धूळ उन्हात तरंगत होती. पिवळसर, गोड वासाची. रस्ता, दुकानं, माणसं, सगळं त्या धुळीतून पाहिल्यावर आधी कधीतरी पाहिल्यासारखं वाटत होतं.

सलीमभाऊ मला उतरवून घ्यायला आले होते. पन्नाशीचे, शांत, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या गावठी कोंबड्यांचा व्यापार. आठवडी बाजार करत ते थेट धानोऱ्यापलीकडे जातात, त्यामुळे कुठल्या गावात कुणाच्या कोंबड्या कशा आहेत हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी आधी मला पोहे खायला नेलं. पोह्यांवर त्यांनी चण्याचा लालभडक रस्सा ओतला तेव्हा मी ओरडायचीच राहिले होते. आमच्याकडे पोहे कोरडे, वर खोबरं आणि लिंबू. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्या घासाला मी दुसरी प्लेट मागितली.

मग त्यांच्या अंगणात पहिली परीक्षा झाली. कोंबडीच्या पंखाखालची शीर शोधायला मला दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक चोची सोसायला. सलीमभाऊंनी माझी झटापट थोडा वेळ पाहिली.

“मॅडम, कोंबडीले पकडू नोका,” ते म्हणाले. “तिले झोपवा.”

त्यांनी तिची मान हलकेच तिच्याच पंखाखाली दुमडली आणि दोन्ही हातांत धरून तिला तीन-चार झोके दिले. कोंबडी गाढ झोपली. इतकी वर्षं पुस्तकं वाचून मला जे आलं नव्हतं ते पोह्यांचा हात धुवायच्या आत शिकून झालं.

ते रक्त कशासाठी, हे इथेच सांगते, म्हणजे पुढे अडणार नाही. रक्ताच्या धारेत पांढऱ्या पेशी वाहत असतात. अंगात कुठे जखम झाली, जंतू शिरले, की तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर खुणेची प्रथिनं उगवतात. वाहत्या पेशी त्यांना अडखळतात, भिंतीवरून गडगडत हळू होतात, मग आपल्या अंगावरची दुसरी प्रथिनं उघडून भिंत घट्ट धरतात आणि भिंतीतून पलीकडे जखमेत शिरतात. ही धरणारी प्रथिनं नसली तर पेशी लाखोंनी असूनही जखमेच्या दारावरून वाहून जातात. बकरीत, गाईत, माणसात हे बरंच कळलेलं आहे. पक्ष्यांत कमी. कोंबडी आणि बकरी यांच्या वाटा फुटून कोट्यवधी वर्षं झाली, धरायची रीत साधारण तीच राहिली, पण प्रथिनांचा घाट बदलला. बकरीचं प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड कोंबडीच्या पेशीला ओळखच दाखवत नाहीत. बकरीच्या मापाचं झबलं कोंबडीला घालायला जावं तशी गत होते.

म्हणून मी जुनी, साधी पद्धत घेऊन निघाले होते. रक्ताचा ताजा थेंब काचपट्टीवर ठेवायचा, अंगाइतक्या उबेत पाऊण तास ठेवायचा, मग गोठलेला थेंब कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन टाकायचा. ज्या पेशींना धरता येतं त्या काचेला चिकटून राहतात. त्यांना रंग द्यायचा आणि मोजायच्या. जंगलातल्या गावठी कोंबड्यांच्या पेशी आणि तिथल्याच बकऱ्यांच्या, दोन्ही.

धानोऱ्याकडे

वैनगंगेचा पूल ओलांडला आणि हवा बदलली. पळस फुलून संपत आला होता, मोहाला सुरुवात झाली होती. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि दिवस चढेल तसा त्यांचा वास जड होत जातो. त्या वासात सलीमभाऊंच्या टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून मी अर्धवट झोपेत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांखालची जमीन जाळून साफ केलेली, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळी फुलं वेचणाऱ्या बायका. कुणाची घाई नाही, कुणाचा आवाज नाही. मी डोळे मिटले की त्या दिसायच्या, उघडले की पुन्हा त्याच.

एका खड्ड्याने मला जागं केलं. मागे काहीतरी फुटल्याचा आवाज झाला होता. तो माझा मोठा थर्मास होता. काचपट्ट्या उबेत ठेवायला मी थर्मोकोलची पेटी आणि गरम पाण्याचा थर्मास असा संसार घेऊन निघाले होते, त्यातला निम्मा तिथेच बुडाला. धानोऱ्यात दुसरा मिळाला नाही. सलीमभाऊ म्हणाले, गावात पाहू, काहीतरी निघंल.

गाव

गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्या घराची गोष्ट आहे त्यांना ते आवडणार नाही. धानोऱ्याहून आत, सालाची आणि मोहाची झाडं यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि पन्नासेक घरं. आम्ही लचमाबाईंच्या घरी उतरलो. लचमाबाई म्हणजे सलीमभाऊंचं जुनं गिऱ्हाईक, किंवा सलीमभाऊ त्यांचं. दोघं एकमेकांना तसंच म्हणतात. साठीच्या, काटक, विडी ओढणाऱ्या. घरात त्या, मुलगा आणि सून रेखा. मुलगा त्या आठवड्यात दूर कामावर गेला होता. रेखा बाळंतीण होती.

माझ्या फुटक्या थर्मासची हकीकत लचमाबाईंनी नीट ऐकून घेतली. मग मला घरामागे नेलं. तिथे टोपलीत भाताच्या तणसावर, म्हणजे पेंढ्यावर, एक करडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. खुडूक. पंधरा दिवस झाले होते.

“अंडे उबते, तं तुमची काच नाई उबनार काऊन?” त्यांनी विचारलं.

मी हसले. पण थर्मामीटर तिच्या पोटाखाली सरकवला तर अडतीस. कोंबडीचं स्वतःचं अंग तापलेलं असतं, एकेचाळीसच्या वर, पण पोटाखाली अंड्याला मिळते ती ऊब जवळजवळ आपल्या अंगाइतकी. पुण्यातली महागडी पेटी जे करते तेच, आणि वीज न खाता. मी चपट्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ओलं फडकं आणि काचपट्ट्या ठेवल्या आणि डबा तिच्याखाली सरकवला. तिने मला एकदा टोचलं, डब्याकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं, आणि चोचीने त्याला अंड्यासारखं आत ओढून घेतलं.

त्या दिवशी मी अंगणात सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर ऊन घेऊन बसले आणि कोंबडीच्या पेशी काचेला धरून बसलेल्या पाहिल्या. आत लालसर काड्यांसारखे कण असलेल्या, पसरट, शांत. दुपारी भात, तुरीचं वरण, जवसाची चटणी आणि सुके झिंगे, आमच्याकडची सुकट. आमच्याकडे भाकरी नसली तर जेवण झालं असं वाटत नाही. तिथे मी तिसऱ्यांदा भात घेतला आणि भिंतीला टेकून झोपले. जाग आली तेव्हा लचमाबाई एका कोंबडीचा पाय मांडीवर घेऊन ब्लेडने तळव्यातली गाठ फोडत होत्या. आतून पू आला नाही. खोबऱ्याच्या तुकड्यासारखा कोरडा, कडक खडा निघाला.

“कोंबडीले पू नाई येत,” त्या म्हणाल्या. “खडा होते.”

हे खरं आहे. कोंबडीच्या त्या पेशींत पू पातळ करणारं एक रसायनच नसतं. पुस्तकात ते दोन पानांत लिहिलेलं आहे. आपल्यात मात्र जखमेत पू येतो, आणि पू किळसवाणा वाटला तरी त्याचा अर्थ एवढाच की पेशी तिथवर पोचल्या.

रेखा मला दिसली ती दुसऱ्या दिवशी, खोलीच्या उंबऱ्याआतून. त्या घरात नाळ पडेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत परक्या माणसाने जायचं नाही, बाळंतिणीने बाहेर यायचं नाही आणि बाळाचं नाव ठेवायचं नाही. आमच्याकडे बाराव्या दिवशी नाव ठेवतात, नाळेचं काहीही असो. आरोग्य उपकेंद्राच्या वनमाला सिस्टर तेवढ्या आत येत-जात, त्यांना कुणी परकं मानत नव्हतं. मी सहज विचारलं, बाळ किती दिवसांचं? रेखा म्हणाली, पाच हप्ते होऊन गेले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पाच आठवड्यांचं बाळ, आणि नाळ अजून पडलेली नाही?

तिने बाळाचं फडकं बाजूला करून मला लांबूनच दाखवलं. मुलगी होती. पोटावर काळपट, वाळलेला देठ तसाच. रेखाची नखं आणि बोटांची टोकं जांभळी होती, हे मी पाहिलं आणि लगेच विसरून गेले.

“मी रोज पाह्यतो जी,” रेखा म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, येतो, जातो, पाहतो. “पू नाई, वास नाई. एकदम कोरडी हाये.”

ती हे अभिमानाने सांगत होती.

आता मला माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं. मी सात वर्षांची असताना आईला मंगल झाली. तिची नाळ दीड महिना पडली नाही. नंतर तिला सारख्या जखमा व्हायच्या, तोंडात, कानामागे, बेंबीशी. लाल, ओल्या, पण पू कधी नाही. डॉक्टरांनी एका कागदावर लिहिलं होतं की रक्तात पांढऱ्या पेशी फार आहेत. दहा महिन्यांची होऊन ती गेली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आईला सांगितलं, तू नाळेला सारखा हात लावायचीस, तुझ्या हाताने दूषित झाली. आईने ते मान्य केलं. त्यानंतर मंगलचं नाव आमच्या घरात निघालं नाही. शेजारपाजारचं तान्हं बाळ कुणी आईच्या मांडीवर दिलं तर ती हात मागे घ्यायची, आधी धुऊन येते म्हणायची आणि परत यायचीच नाही.

पुढे कॉलेजात परदेशी वळूंच्या वासरांमधल्या एका रोगावर व्याख्यान झालं. पेशींवरचं ते धरणारं प्रथिन जन्मतःच सदोष, पेशी लाखोंनी, पण जखमेत एकही शिरत नाही. माणसाच्या बाळांतही तो असतो, क्वचित. पहिली खूण, नाळ फार उशिरा पडते. मी वही मिटून बाहेर येऊन बसले. मंगलचं रक्त तसं कुणी तपासलं नव्हतं, खात्रीने मी आजही सांगू शकत नाही. पण मला कळलं होतं, आणि मी आईला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, जखमेची खपली कशाला काढा, असं करत बारा वर्षं गेली. मी भित्री आहे, हे त्याचं साधं उत्तर.

आणि आता ती खूण उंबऱ्यापलीकडे फडक्यात गुंडाळलेली होती.

लचमाबाईंनी ओसरीवर मला हळू आवाजात सांगितलं की रेखाचं पहिलं लेकरू नवव्या दिवशी गेलं. बेंबी पिकली होती. त्यालाही नाव मिळालं नव्हतं. यावेळी रेखाने नाव पोटात असतानाच ठरवलंय, पण कुणाला सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. नाळ पडली की सांगणार.

मी वनमाला सिस्टरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. मी जनावरांची डॉक्टर, माणसाच्या बाळाला हात लावायचा मला अधिकार नाही, पण माझ्या काचेवर एक थेंब पाहता येईल. त्यांनी विचार केला, रेखाला समजावून विचारलं, तिचा आणि सासूचा होकार घेतला, आणि सकाळी टाचेला बारीक टोचून थेंब आणते म्हणाल्या. मी आत जाऊ शकत नव्हते. त्यांनी रक्त एका छोट्या बाटलीत बाहेर आणून दिलं. मी त्यातला थेंब काचपट्टीवर घेतला, डबा करड्या कोंबडीच्या पोटाखाली सरकवला आणि समोर बसून राहिले. पाऊण तास ती डोळे अर्धवट मिटून बसली होती आणि मीही. मोहाचा वास, तणसाची ऊब, कुठेतरी दूर लाकूड फोडल्याचा ठोका. आईचे हात सारखे डोळ्यांपुढे येत होते.

काच धुतली. रंग दिला. आरसा उन्हाकडे वळवला.

काच रिकामी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवली, पुन्हा उलट सरकवली. एकही पेशी नाही. मी चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा पाहिलं. सिस्टर शेजारी उभ्या होत्या. खोलीच्या दारातून रेखा पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. उठून घरामागे गेले, आणि मला रडू आलं. नुसतं त्या मुलीसाठी आलं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

सलीमभाऊ तिथे टेम्पो धूत होते. त्यांनी मला रडू दिलं. मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, “हे खून अजून पातळ काऊन हाये, मॅडम? आमच्या इथी कोंबडी कापली का विडी जळेपर्यंत गोठते.”

मी बाटली तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. तास उलटून गेला होता.

मी धावत सिस्टरांकडे गेले. ही बाटली कुठली? त्या म्हणाल्या, नेहमीचीच, तपासणीसाठी तालुक्याला रक्त पाठवायची. रक्त गोठू नये म्हणून तळाशी क्षार वाळवलेला असतो. त्यांनी सवयीने तीच घेतली होती. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. तो क्षार रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतो, आणि कॅल्शियमशिवाय पेशींची धरणारी प्रथिनं उघडत नाहीत. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. आणि काचेवरचा थेंब धुताना गोठलेलाच नव्हता, सरळ ओघळून गेला होता, हेसुद्धा मला दिसलं नव्हतं. त्या बाटलीत कुणाच्याही पेशी सुटून गेल्या असत्या. खात्री करायला मी बकरीचं रक्त तसल्याच बाटलीत घेऊन पाहिलं. काच तशीच रिकामी.

दुसऱ्या वेळी बाटलीच मधून काढून टाकली. मी स्वच्छ काचपट्टी उंबऱ्यावरून सिस्टरांच्या हातात दिली आणि त्यांनी बाळाची टाच थेट काचेला टेकवली. मुलगी खणखणीत रडली. डबा पुन्हा करडीच्या पोटाखाली गेला, तिने पुन्हा तो ओढून घेतला. यावेळी मी एकटी नव्हते. लचमाबाई, सिस्टर, सलीमभाऊ, सगळे टोपलीभोवती बसले होते, पिल्लं फुटायची वाट पाहावी तसे.

थेंब घट्ट गोठला होता. कोमट पाण्याने तो अलगद सुटला. रंग दिला, आरसा वळवला.

त्या होत्या. जांभळ्या रंगाच्या, दोन-तीन कप्प्यांच्या गाभ्याच्या, पसरून काचेला धरून बसलेल्या. मोजायची गरज नव्हती तरी मी मोजत राहिले. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर सूक्ष्मदर्शक उचलून उंबऱ्यापाशी नेला, आरशावर ऊन घेतलं, आणि रेखा आतून वाकून एक डोळा मिटून पाहू लागली.

“हे माझ्या पोरीचे हायेत?” तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

“धरून हायेत?”

“घट्ट.”

तिने खूप वेळ डोळा काढला नाही. नळीवर ठेवलेलं तिचं बोट माझ्या नाकासमोर होतं, जांभळं. आता मला ते दिसलं. मी विचारलं, हे कशाचं? ती म्हणाली, नाळेच्या औषधाचं. सिस्टरांनी दिलेलं जांभळं औषध, जंतू मरायला. दिवसातून किती वेळा लावतेस? रेखाने सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, “जवा जवा पाजतो, तवा तवा.”

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांनी एकदा सांगितलं होतं, फक्त पहिले काही दिवस. दिवसातून बारा-चौदा वेळा, पाच आठवडे, ती नाळ जणू लोणच्यासारखी मुरवून ठेवली होती. नाळ आपोआप पडते म्हणतात, पण तिथेही थोडे जंतू यावे लागतात, पेशींना हाक जावी लागते, त्यांनी येऊन सांधा सोडवावा लागतो. इथे कुणाला हाकच गेली नव्हती.

माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं, तुझ्यामुळेच पडत नाहीये. ते मी गिळलं. हे वाक्य एका घरात किती वर्षं राहू शकतं ते मला ठाऊक होतं. मी म्हणाले, औषधाचं काम झालं, रेखा. आता नाळेला तिचं काम करू दे. तिने जांभळी बाटली उंबऱ्यावरून सिस्टरांकडे दिली, पण देताना बोटं लवकर सुटली नाहीत. काहीही न लावता बसायचं, हे तिला औषध लावण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. सिस्टरांनी रोज येऊन पाहायचं कबूल केलं, आणि माझी काच म्हणजे शेवटचा शब्द नाही, दहा दिवसांत नाळ पडली नाही तर बाळाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, असंही आम्ही ठरवलं.

पुन्हा तेच गाव

पुढचे चार दिवस आम्ही आणखी आत फिरलो. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. साल, सावली, झोपलेल्या कोंबड्या आणि सलीमभाऊंचं हळू आवाजातलं गुणगुणणं. वह्या भरत होत्या. कोंबडीच्या पेशी आणि बकरीच्या पेशी आपापल्या ढंगाने काचेला धरत होत्या आणि मी सारखी दिवस मोजत होते.

परत आलो तेव्हा लचमाबाई अंगणातच उभ्या होत्या. त्यांच्या ओंजळीत एक ओलसर पिल्लू होतं. त्या माझ्याजवळ आल्या आणि पिल्लू उलटं करून त्याचं पोट मला दाखवलं. बेंबीच्या जागी फक्त एक बारीक ठिपका, मिटलेला. कोंबडीच्या पिल्लाला नाळ लोंबत नाही. अंड्यातला उरलेला बलक ते पोटात ओढून घेतं आणि दार लावून टाकतं.

“याचं आजच मिटलं,” लचमाबाई म्हणाल्या. “आमच्या पोट्टीचं काल.”

नाळ आदल्या दिवशी सकाळी फडक्यात पडलेली सापडली होती. रेखाने ती गोठ्याच्या कोपऱ्यात पुरली, न्हाऊन आली, आणि सगळ्यांसमोर बाळाचं नाव सांगितलं. प्रणाली. लचमाबाईंना ते नीट उच्चारता येत नव्हतं, पण त्या दिवसभर उच्चारत होत्या. मला पहिल्यांदाच त्या खोलीत जायला मिळालं. आत अंधारा गारवा होता आणि मोहाचा वास तिथेही होता. रेखाने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. तिची नखं अजून जांभळी होती, मुळाशी मात्र एक कोवळी स्वच्छ रेघ उगवली होती.

घर

मूलहून सलीमभाऊंनी मला दहा किलो तांदूळ बांधून दिला. तो घेऊन मी पुण्याला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई सूप घेऊन तो निवडायला बसली आणि मी तिच्यासमोर बसले. करड्या कोंबडीपासून सुरुवात केली. आई हसत होती. मग नाळेपाशी आले तेव्हा तिचे हात थांबले, तरी मी थांबले नाही. रिकामी काच सांगितली, भरलेली काच सांगितली, आणि मग वासरांचं व्याख्यान सांगितलं. मंगलच्या पेशींना बहुधा जन्मापासूनच धरता येत नव्हतं, आई. अर्धा दोष तुझ्याकडून, अर्धा बाबांकडून, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. हाताने असं काही होत नाही. तू लावलेल्या हाताने तर नाहीच. आणि हे मला बारा वर्षं माहीत होतं.

मला वाटलं ती चिडेल. चिडायला हवी होती. तिने एवढंच विचारलं, “त्या मुलीचं नाव काय म्हणालीस?”

मी सांगितलं.

“छान आहे,” ती म्हणाली. मग भिंतीकडे पाहत म्हणाली, “मंगलला हात लावला की ती झोपेत हसायची.”

तिने आपले दोन्ही हात सुपावर उलटसुलट करून पाहिले, आधी तळवे, मग नखं, मग पुन्हा तळवे. आणि त्याच हातांनी पुन्हा तांदूळ निवडायला घेतला.